२^६४ − १ : बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे. एक्सेल चुकतंय की आम्ही?

सातवीची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न मुलीचा आहे पण आता तिच्याइतकीच मीही अडकलेय म्हणून इथे टाकतेय. ती सातवीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जाते, तिथे सरांनी ती राजाची गोष्ट सांगितली, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची, तर एकूण दाणे किती. घरी येऊन वही घेऊन बसली, विसाव्या घरापर्यंत हाताने गेली (५,२४,२८८ आलं), मग कंटाळली आणि मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर केलं तर १.८४ असं काहीतरी आणि पुढे १९ आलं. मी म्हटलं थांब, एक्सेलमध्ये करू. तिथे कॉलम रुंद करून, फॉरमॅट बदलून पूर्ण आकडा काढला तो हा:

१८४४६७४४०७३७०९६०००००

मला वाटलं झालं काम. तर ती म्हणते आई हे चूक आहे, दोनचे घात २, ४, ८, ६ यावरच संपतात, शून्यावर कधीच संपत नाहीत. आणि दुसरं म्हणजे मी त्यातून एक वजा केला (एकूण दाणे २^६४ पेक्षा एकाने कमी असतात असं सर म्हणाले होते) तर आकडा बदललाच नाही, जसाच्या तसा. आता मला हे समजत नाहीये की खरा आकडा काय, तो आपण स्वतः कसा तपासायचा, आणि एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशाने भाग जातो हे शोधता येतं का? ती विचारतेय की ही मूळ संख्या आहे का. मी कॉमर्सची, माझं गणित दहावीलाच सुटलं. जरा सोपं करून सांगाल का?

कोडकर

तुमच्या मुलीने दोन्ही गोष्टी अगदी बरोबर पकडल्यात, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच दाखवतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. तुमच्या आकड्यात १८४४६७४४०७३७०९६ हे १५ अंक आहेत आणि तेही शेवटी वर उचललेले, खरे अंक ...०९५५१ असे आहेत म्हणून ०९५५ चं ०९६ झालं. वजाबाकीचं कारण याहून आतलं आहे. एक्सेल संख्या ज्या पद्धतीने साठवतं तिच्यात साधारण ५३ बायनरी अंकांचीच (नुसते ० आणि १, त्यांनाच बिट म्हणतात) अचूकता असते, त्यामुळे मोठ्या संख्या सलग साठवता येत नाहीत, मध्ये अंतर पडत जातं. २^६४ स्वतः नीट साठवला जातो पण त्याच्या आधीची साठवता येणारी संख्या थेट २०४८ ने लहान आहे. म्हणजे तुम्ही १ वजा केलात तरी मशीन जवळच्या संख्येवर परत येतं, आणि जवळची संख्या म्हणजे पुन्हा तोच २^६४. चुकीचा मेसेज वगैरे काही येत नाही, म्हणूनच हे लक्षात येत नाही लोकांच्या, आणि तिच्या आलं.

खरा आकडा: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. पायथॉन लँग्वेजमध्ये केलं तर सगळे अंक अचूक मिळतात, तिला शिकायची इच्छा असेल तर आत्ताच सुरू करा, एका ओळीचं काम आहे. आणि हा आकडा आम्हाला रोज भेटतो, ६४ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच, सगळे ६४ बिट १ असतात. त्यात अजून एक मिळवला की सगळे बिट शून्य होतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर ००००० वर यायचा तसं.

निवृत्त_मास्तर

कोडकरांनी आकडा दिला पण ताईंनी विचारलंय की स्वतः कसा तपासायचा, आणि हा प्रश्न मला जास्त आवडला. मशीनने दिलेला आकडा मुलीने मान्य केला नाही, तर दुसऱ्या मशीनने दिलेला तरी का मान्य करावा. पेन-कागदावर होतं हे, एका संध्याकाळचं काम.

६४ वेळा दुप्पट करायची गरज नाही. नुसता वर्ग करत जायचं. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६, त्याचा वर्ग ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे २^६४. सहा वर्ग, बस. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) श्रेढीच्या (ठराविक नियमाने वाढणाऱ्या संख्यांच्या ओळीच्या) प्रकरणात दिलेली आहे: पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करा आणि बाजूला 'गुण' लिहा, सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा, शून्य येईपर्यंत असं करा आणि मग खालून वर गुणत या. ६४ साठी सलग सहा वेळा 'वर्ग' येतं आणि शेवटी एक 'गुण', म्हणून हा आकडा इतका सुटसुटीत निघतो.

तिथलं उदाहरणही मुलीला द्या, तिला नक्की आवडेल. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देतो, तर एकूण किती? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. तीस दिवसांसाठी मांडणी करून बघा: ३० वर्ग, १५ गुण, १४ वर्ग, ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण. आता खालून वर या: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. त्यातून एक वजा, गुणिले दोन. नऊशे वर्षांपूर्वी कॅलक्युलेटर नसताना हे सगळे दहा अंक बरोबर आहेत, मी वर्गात दरवर्षी हे करून घ्यायचो आणि शेवटचा अंक जुळला की पोरं बाकावर थाप मारायची.

आता शेवटचा मोठा वर्ग. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६. (अ+ब)² चं सूत्र वापरायचं, अ ला पाच शून्यं आहेत हे लक्षात ठेवून.

४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, याच्यापुढे दहा शून्यं.
दुप्पट गुणाकार, २ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८, याच्यापुढे पाच शून्यं.
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६.

एकाखाली एक नीट मांडून बेरीज करा (चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक, नाहीतर घसरतं). बेरीज येते १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की ...६१५. म्हणजे कोडकरांचा आकडा बरोबर.

आता विभाजक. ५ वर संपते म्हणून ५ ने भाग जातो हे ती लगेच सांगेल. अंकांची बेरीज ८७ येते, ८७ ला ३ ने भाग जातो पण ९ ने नाही, म्हणून संख्येलाही ३ ने जातो, ९ ने नाही. तेव्हा मूळ संख्या तर नाहीच. पण इथून पुढे ७ ने बघ, ११ ने बघ असं करत बसू नका, ही संख्या कशी बनली ते बघा. शाळेत अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) येतं ते सूत्र घ्या. २^६४ हा वर्ग आहे आणि १ हाही वर्गच, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १)

उजवीकडचा कंस पुन्हा तसाच फुटतो, २^१६ + १ आणि २^१६ − १, मग तो पुन्हा, खाली २ − १ येईपर्यंत. शेवटी हातात राहतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

एकही भागाकार न करता वीस अंकी संख्या फुटली. मुलीला उलट दिशेनेही करायला सांगा: ३ × ५ = १५, × १७ = २५५, × २५७ = ६५५३५. प्रत्येक वेळी गुणाकार पुढच्या अवयवापेक्षा बरोब्बर दोनने कमी येतो, १५ आणि १७, २५५ आणि २५७. आता बघा, आधीच्या कुठल्याही अवयवाने पुढच्याला भागलं तर बाकी दोनच उरणार, आणि सगळे विषम आहेत, म्हणून कुठल्याही दोघांत १ सोडून सामाईक विभाजक असूच शकत नाही. ही साखळी कधी संपत नाही आणि प्रत्येक कडीत नवीन मूळ संख्या यावीच लागते, म्हणजे मूळ संख्या अनंत आहेत हेही फुकटात सिद्ध झालं. गोल्डबाख या गणितज्ञाने हे १७३० मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून लिहून कळवलं होतं.

सातवीची_आई

मास्तर तुमचे खूप खूप आभार, रात्री साडेदहापर्यंत वही चालू होती. बेरीज पहिल्यांदा चुकली, तुम्ही म्हणालात तसंच एक चौकट घसरली होती, दुसऱ्यांदा जुळली. २५५ बघून म्हणाली हा तर कॉम्प्युटरच्या रंगांचा आकडा! एक शंका राहिली. ३, ५, १७, २५७ या मूळ आहेत हे तिने तपासलं. ६५५३७ साठी २५१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल म्हणाली, ते करतेय. पण शेवटचा ४२९४९६७२९७ हा मूळ आहे का? त्याला कुठे सुरुवात करायची?

अंकवेडी

ताई, इथे तुमची मुलगी थेट फर्माच्या (सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ) दारात जाऊन उभी राहिली आहे! मी एमएस्सीला संख्याशास्त्र नाही तर संख्यासिद्धांत घेतला होता (लोक नेहमी गल्लत करतात) आणि तो याच आकड्यामुळे, म्हणून जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

फर्माने १६४० च्या सुमाराला बघितलं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ सगळ्या मूळ आहेत, आणि त्याला वाटलं की ही साखळी कायम मूळच देत राहणार. पुढची कडी हीच, ४२९४९६७२९७. जवळजवळ शंभर वर्षं कोणी ती फोडली नाही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो.

६४१ × ६७००४१७. मुलीला करू दे: सहाशेपट ४०२०२५०२००, चाळीसपट २६८०१६६८०, एकपट ६७००४१७. बेरीज ४२९४९६७२९७. इतका छोटा विभाजक इतकी वर्षं समोर होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ६४१ वर पोचायचं कसं. समजा एखादी मूळ संख्या 'म' २^३२ + १ ला भागते. म्हणजे म ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (पूर्ण भाग जायला एक कमी पडतो), म्हणून २^६४ ची बाकी १. दोनचे घात म ने भागत गेलो तर बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचं होतं, त्याआधी १ येत नाही. आणि फर्माचाच छोटा प्रमेय सांगतो की २^(म−१) ची बाकी १ असते, म्हणून म−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजे विभाजक ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येणारच असला पाहिजे! यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात सापडला. पटाची ६४ घरं आणि हे ६४ एकच आहेत हे मला कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच येरझाऱ्या घालत होते.

भागाकार न करताही ६४१ तपासता येतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. ठेवलं की −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य. संपलं. (हे सातवीला जड जाईल, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, दोन वर्षांनी वाचेल.)

आणि ६७००४१७ मूळ आहे. त्याचं वर्गमूळ साधारण २५८८, आणि २५८८ पर्यंत ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या अकराच आहेत: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. पहिल्या चार तर झाल्याच, उरले सात भागाकार. म्हणून पूर्ण उत्तर:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, सगळे वेगवेगळे, एकही दोनदा नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८.

देवळालीकर

छान चाललाय धागा. आमच्या देवळालीचे कापरेकर सर (द. रा. कापरेकर, शाळेत शिकवायचे, ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते) यांनी हर्षद संख्या सांगितल्या होत्या, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. मास्तरांनी ८७ दिलंय वर. तर ही संख्या हर्षद आहे का? ८७ = ३ × २९. अंकवेडींच्या सात अवयवांत २९ नाही, म्हणजे नाही. वीस अंकी संख्येला भागायची गरजच पडली नाही, यादीकडे एक नजर टाकली की उत्तर. मुलीला हा प्रश्न आधी विचारा आणि बघा ती भागायला बसते की यादी बघते.

खानदेशी_पाटील

हे सगळं वाचून मला त्या दाण्यांचीच चिंता लागली, आम्ही शेतकरी. आकडा वाचायचा कसा हेच कोणी सांगितलं नाही. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. कोटी कोटी म्हणजे एकावर १४ शून्यं धरली तर १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी आणि वर काही. लीलावतीत एक, दश, शत असं करत शेवटचं अठरावं नाव परार्ध आहे, एकावर १७ शून्यं. त्या हिशोबाने ही १८४ परार्ध आणि वर काही. नावांची यादी संपते आणि ही संख्या तिच्याही पुढे दोन घरं जाते. (खर्व, निखर्व वगैरेची किंमत वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी सापडते म्हणून मी त्या वाटेला जात नाही.) भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, सुट्टीत मुलीला घेऊन या.

दाणा २५ मिलिग्रॅमचा तांदळाचा धरला. पटाचा पहिला निम्मा भाग, ३२ घरं, ४२९ कोटी दाणे, म्हणजे १०७ टन. दहा टनी अकरा ट्रक. एवढं तर आमच्या तालुक्याच्या मार्केट यार्डात एका दिवसात उतरतं, राजाला काही वाटलं नसणार. पूर्ण पट मात्र ४६ हजार कोटी टनांच्या वर. जगात वर्षाला साधारण ५० कोटी टन तांदूळ होतो, म्हणजे नऊशे वर्षांचं सगळ्या जगाचं पीक. आणि सेकंदाला एक दाणा मोजला तर ५८ हजार ४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं म्हणतात. गेल्या वर्षी आमच्याकडे ज्वारीची पोती मोजताना दोन माणसांच्या मोजणीत फरक आला होता, अकरा पोत्यांचा, आणि त्यावरून संध्याकाळ गेली, त्यामुळे हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत कोणीतरी हाताने बरोबर काढून ठेवलाय याचं मला फार वाटतं.

अंकवेडी

पाटील, काढलाय खरंच. अल-बिरूनी या मध्ययुगीन विद्वानाने इ.स. १००० च्या सुमारास हा पूर्ण आकडा दिलेला आहे, आणि तोही वर्ग करत जाण्याच्याच वाटेने. आणि ६४ सोन्याच्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवायचं ते हनोईचं कोडं (फ्रेंच गणितज्ञ ल्यूका, १८८३), त्याची गोष्ट काशीच्या देवळात घडते असं सांगतात, त्यातही कमीत कमी हालचाली इतक्याच, २^६४ − १. सेकंदाला एक हालचाल धरली तर तुमची ५८ हजार कोटी वर्षं तिथेही तशीच लागू.

सातवीची_आई

मंडळी, अपडेट. ६४१ चा गुणाकार तिने तीन ओळींत केला, जुळला. हर्षदचा प्रश्न विचारला तर क्षणभर थांबली आणि यादीच बघितली, देवळालीकर. ६५५३७ चे भागाकार अजून चालू आहेत, ११३ पर्यंत आलीये.

आता नवीन प्रश्न तिने स्वतः काढलाय. म्हणते आपला आकडा सगळ्या कड्यांचा गुणाकार आहे, तर पुढची कडी त्याच्यापेक्षा दोनने जास्त असणार, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ती मूळ आहे का? मी म्हटलं विचारते.

निवृत्त_मास्तर

नाही, तीही फुटते. १८८० मध्ये लाँद्री नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने वयाची ऐंशी ओलांडल्यावर फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. अंकवेडींनी ६४ चा जो नियम दिला तो इथे १२८ चा होतो. मोठा गुणाकार राहू दे, आधी २७४१७७ नियमात बसतो का एवढंच तपासायला सांगा.

सातवीची_आई

एक वजा करून १२८ ने भागलं तिने, २१४२ आले, बाकी शून्य. आता मोठा गुणाकारही करणारच म्हणतेय, चौकटीची नवीन वही आणायला सांगितलीये.